चारूला उचलायची रीत

गॅसवरचं दूध उतरवायचं, हात पुसायचे, पदराचं टोक कमरेपाशी मोकळं सोडायचं आणि आतल्या खोलीत जायचं. सकाळचे साडेसात म्हणजे नणंदेला पलंगावरून खुर्चीत घ्यायची वेळ. सुभद्राच्या हातांना ती घड्याळाशिवाय कळे.

"पदर धर," ती म्हणे.

"धरला," चारू म्हणे.

मग एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागून, आपला एक गुडघा पलंगाच्या कडेला टेकवून तोंडातल्या तोंडात एक "हं", आणि चाळीस किलोंची चारू पलंगावरून सुटून खुर्चीत. चार-पाच सेकंदांचं काम. दिवसातून सहा-सात वेळा, आणि अशी तीस वर्षं. हिशेब कोणी केला नव्हता आणि सुभद्राला तो करायचाही नव्हता.

एक्याऐंशी सालच्या चैत्रात, एका सकाळी, चारू अशी अधांतरी असतानाच दार वाजलं.

"थांब गा बाप्पा!" सुभद्रा आतूनच ओरडली. चारूला नीट बसवलं, पाय खुर्चीच्या पायपाटीवर ठेवले, पातळ सारखं केलं, मगच ती दाराशी गेली. दारात केशव पोस्टमन. हातात लांबट लिफाफा, त्यावर राणीच्या तोंडाची तिकिटं.

"रजिस्टर आहे वहिनी. सही पायजे."

"आण, करतो."

"तुमची नाही जमत. चारुशीलाबाईच्या नावानं आहे. ज्याचं नाव त्याची सही. विलायतेहून आलं आहे, मजाक नाही."

सुभद्राचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मग तिनंच खुर्ची ढकलत दाराशी आणली. चारूनं डाव्या हातानं पाकीट धरून उजव्या हातानं झोकदार सही केली. केशवनं पेन खिशाला लावलं, "आता पेढे पायजे बाई," म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून गेला.

धरमपेठेतल्या त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आलेली सगळी पत्रं 'श्री. मधुकररावजी भोयर यांस' अशी येत. मधुकरराव म्हणजे सुभद्राचा नवरा, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. लेक अकोल्याला दिली, ती पत्र टाके ते वडलांच्या नावानं. मुलगा भिलाईच्या कारखान्यात, तोही वडलांनाच लिही. सुभद्राच्या आईच्या जाण्याचं कार्ड सावनेरहून आलं, तेही जावयाच्याच नावानं, आणि खाली एक ओळ: सौ. सुभद्रास सांगावे. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिच्या नावाचं पाकीट त्या दारातून एकदाही आत आलेलं नव्हतं. हे तिला आजवर खटकलंही नव्हतं. त्या सकाळी खटकलं.

पत्र चारूनं भावाला आणि वहिनीला वाचून दाखवलं, इंग्रजी वाक्य आणि लगेच त्याचं मराठी, शिकवणीच्या मुलींना सांगते तसं. ते वर्ष जगभर अपंगांचं म्हणून पाळलं जात होतं. लंडनपासून दोन तासांवरच्या एका गावात बायकांनी चालवलेली एक संस्था होती. बारा देशांतल्या, चाकाच्या खुर्चीवर राहणाऱ्या बारा बायकांना त्यांनी चार आठवड्यांसाठी बोलावलं होतं. आपल्याकडे आपण कशा राहतो ते प्रत्येकीनं सांगायचं. जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट संस्था देणार होती, तिथे उचलायला माणसंही. थंडीत चारूनं वर्तमानपत्रात दोन ओळी वाचून गुपचूप अर्ज केला होता. शिकवणीच्या एका मुलीच्या बापानं तो टपालात टाकला. घरात कोणाला पत्ता नव्हता.

"तू लिहिलंस काय त्याच्यात?" मधुकररावांनी विचारलं.

"आपल्या घराबद्दल लिहिलं. खुर्चीबद्दल. वहिनीबद्दल बी लिहिलं."

"माझ्याबद्दल कायले?" सुभद्रा म्हणाली.

"तू नसतीस तं मी पलंगावरच असती, असं लिहिलं."

मधुकररावांचे डोळे भरून आले. सुभद्रा स्वयंपाकघरात जाऊन फोडणी घालू लागली. चारू तिच्यावर लिहून विलायतेला चालली होती. जिच्यावर लिहिलं ती फोडणीला.

*

सुभद्रा लग्न होऊन आली एक्कावन्न साली, सतराव्या वर्षी. सावनेरजवळच्या कापूसवाल्यांच्या घरातली, सातवी पास, गणितात पहिली आलेली. चारू तेव्हा नऊ वर्षांची होती. पाचव्या वर्षी ताप आला आणि दोन्ही पाय घेऊन गेला. सासूनं पहिल्याच आठवड्यात सुनेला शिकवलं ते चारूला कसं उचलायचं. बाकीचं, म्हणजे तिखट किती आणि पाहुण्यांपुढे डोकं कसं झाकायचं, ते नंतर.

सासू गेली. चारू घरीच बसून मॅट्रिक झाली, मग बाहेरून बी.ए. झाली, इंग्रजीच्या शिकवण्या घेऊ लागली. धरमपेठेतल्या अर्ध्या मुली तिच्या हाताखालून गेल्या. सुभद्रा माहेरी दोन रात्रींच्या वर कधी राहिली नाही. तेवढे दोन दिवस चारू पलंगावर काढी, पण तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिला कोण उचलणार? मधुकररावांना कंबरदुखी होती. खरं म्हणजे त्यांना रीत येत नव्हती आणि त्यांनी ती शिकून घेतली नव्हती. आईच्या आजारपणात सुभद्रा दोन रात्री राहून परतली. चौथ्या दिवशी कार्ड आलं.

रामटेक, वर्धा, एकदा लग्नाला अमरावती. इतकंच तिचं जग फिरून झालं होतं.

आता घरात रोज विलायत निघे. पासपोर्टचा अर्ज मुंबईला गेला. त्याकरता फोटो काढायला फोटोवाला घरी आला, तर चारूच्या मागे धरलेली चादर सुभद्राच्या हातात होती. फोटोत तिची दोन बोटं आली म्हणून दुसरा काढावा लागला. कॉलऱ्याची सुई टोचून घेतली, तिची पिवळी पुस्तिका मिळाली. सुईनं चारूला दोन दिवस ताप आला, शेजारपाजारच्या बायका पाहायला आल्या. सुभद्राला त्या तापाचाही हेवा वाटला. अर्थात हेवा हा शब्द तिनं मनातसुद्धा उच्चारला नाही. ती त्याला पित्त म्हणे, आणि सकाळी सुंठेचं पाणी घेई.

इंग्लंडला जायला तेव्हा आपल्या लोकांना व्हिसा लागत नसे. पण म्हणून ते सोपं होतं असं नाही. मधुकरराव रात्रीच्या जेवणाला संस्थेचं पत्रक घेऊन बसत आणि कचेरीतल्यासारखं वाचत.

"विमानातून उतरल्यावर काउंटरवरचा साहेब विचारील. परतीचं तिकीट दाखवायचं. आमंत्रणाचं पत्र दाखवायचं. राहणार कुठं, खर्च कोण करणार, त्याचा कागद दाखवायचा. त्याचं समाधान नाही झालं तं तिथूनच वापस."

"होईल समाधान," चारू म्हणे.

"कागद सगळे एका पिशवीत, पिशवी गळ्यात. औषधं हातातल्या बॅगेत, मोठ्या पेटीत नाही. अन् हे पाहा, खुर्ची कोणी घेऊन जाऊन राहिला तं कुठं नेतो ते विचारल्याशिवाय सोडायची नाही. विमानातून सगळे उतरले का मग तुले उतरवतील, घाबरायचं नाही."

"अजून पोळी वाढू का?" सुभद्रा मध्येच विचारी.

"थांब वं, महत्त्वाचं चालू आहे."

विमान कंपनीला खुर्चीची लांबी, रुंदी आणि वजन किलोत हवं होतं, आणि ती मिटते का तेही. ही खुर्ची सासऱ्यांनी लकडगंजच्या एका मिस्त्रीकडून करवून घेतलेली: सागवानी सांगाडा, सायकलची दोन चाकं, मागे छोटं लोखंडी चाक. मधुकरराव कचेरीत, तेव्हा वजन करायला खुर्ची घेऊन सुभद्राच गेली, सायकलरिक्षात, भर वैशाखात, मांडीवर चाक आणि डोक्यावर पदर. ती येईपर्यंत चारू पलंगावर. लाकडाच्या टालावरच्या काट्यावर खुर्ची ठेवली तेव्हा टालवाला हसून लोटपोट झाला.

"बाई, हे खुर्ची होय का बंडी? चौतीस किलो! बैल कुठी आहे?"

"बैल बोलून राहिला तुमच्याशी," सुभद्रा म्हणाली.

टालवाल्यानं खुर्ची स्वतः उचलून रिक्षात ठेवून दिली.

खुर्ची मिटत नव्हती, म्हणून कंपनीनं कळवलं की ती घरीच ठेवा. मुंबईच्या विमानतळापासून पुढे सगळीकडे दुसरी मिळेल. घरमालकीण शोभाताई वर राहत. त्या गॅलरीतून सगळं ऐकत आणि त्यावर आपली टीप देत.

"सुभद्रा, कमाल आहे वं! आपले दोन-दोन पाय धडधाकट, तं आपण बर्डीच्या बाजारापुढं जात नाही. अन् चारूचं पाहा."

"नशीब ज्याचं त्याचं, शोभाताई."

"नशीब तं आहेच. पण तुझ्या जिवावर आहे ते, हे बी खरं."

हे सुभद्राला स्वतः वाटे तेव्हा कडू लागे. शोभाताईंच्या तोंडून ऐकलं की गोड लागे. आणि गोड लागलं म्हणून नंतर स्वतःचाच राग येई.

*

जूनमध्ये कंपनीचा मोठा फॉर्म आला. प्रवासी आधाराशिवाय सरळ बसू शकतो का? हातांत बळ आहे का? आपल्या हातानं जेवतो का? चारूनं जेवणाच्या पाटावर कागद ठेवून तो भरला आणि शाई वाळायला खिडकीत ठेवला.

सुभद्रा खिडकी पुसायला गेली. इंग्रजी तिला कोणी शिकवलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता बाजूच्या खोलीतली शिकवणी ऐकून आणि मुलींच्या विसरलेल्या वह्या चाळून वीस वर्षांत तिला बरंच कळू लागलं होतं. हे चारूला माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. एका प्रश्नात 'मदतनीस' हा अर्थ असलेला शब्द तिनं ओळखला. प्रवाशाला मदतनीसाची गरज आहे का? पुढे चारूच्या वळणदार अक्षरात दोनच अक्षरं होती. नो.

सुभद्रानं फडकं खाली ठेवलं.

"चारू, हे काय लिहिलं वं?"

"कुठं?"

"हे. मदतीले कोणी लागते का, त्याच्यापुढं."

चारूनं आधी कागदाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "तुले वाचता येते?"

"जे विचारलं ते सांग."

"वहिनी, हो लिहिलं तं संगं माणूस पायजे. माणसाले तिकीट पायजे. ते कोण देईल? संस्थेनं एकच दिलं. हो लिहिलं तं मी गेलीच नाही."

खरं होतं. एका शब्दानंही खोटं नव्हतं. सुभद्रा "बरं" म्हणाली आणि खिडकी पुसू लागली, दोनदा पुसली. तीस वर्षं, दिवसातून सहा-सात वेळा, आणि त्या सगळ्याचं उत्तर दोन अक्षरांत, वाळायला ठेवलेलं.

आठच दिवसांनी कंपनीचं आणखी एक पत्र आलं. आमचे लोक आपल्याला उचलून विमानातल्या बाकावर बसवतील. आज घरी जे कोणी आपल्याला उचलतात, त्यांच्याकडून उचलण्याची रीत लिहून घेऊन पाठवावी.

आता इथे थांबून एक जुनी गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात एकट्या सुभद्राला ठाऊक होती.

त्रेसष्ट साली चारू न्हाणीघरात पडली आणि तिचा उजवा खांदा निखळला. मेडिकलच्या इस्पितळात नेऊन बसवला. त्याच वर्षी तो आणखी दोनदा निसटला, दोन्ही वेळा उचलताना. चारूच्या किंकाळीनं गल्ली गोळा झाली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सुभद्राला व्हरांड्यात बाजूला घेतलं. म्हणाले, बाई, हा खांदा आता ढिलाच राहणार. हात वर गेला, त्यावर अंगाचा भार आला, की सुटेल. तिला सांगू नका, घाबरून हात हलवायचं सोडेल. तुम्हीच सांभाळा.

त्या दिवसापर्यंत उचलताना चारू वहिनीच्या गळ्यात हात टाकत असे. दुसऱ्या सकाळी सुभद्रा म्हणाली, "गळ्यात नको, मानेले चमक आहे माझ्या. पदर धर." कमरेपाशी सोडलेलं पदराचं टोक चारूच्या मुठीत आलं की हात खाली राही, अंगालगत. चमक कधी गेली ते कोणी विचारलं नाही. पदर राहिला. तेव्हापासून चारूच्या पोलक्यात उजवी बाही आधी चढे, फळीवरचे डबे खालच्या कप्प्यात आले, वेणी सुभद्रा घालू लागली. अठरा वर्षांत खांदा एकदाही निसटला नाही. म्हणून चारूला वाटे, तो केव्हाच बरा झाला. आणि 'पदर धर' ही आपली लहानपणची खोड, वहिनी अजून लाड करते. प्रकृतीचा दाखला देणाऱ्या डॉक्टरलाही तिनं तसंच सांगितलं. अठरा वर्षं काही नाही, साहेब. त्यानं तसं लिहिलं. सुभद्रा तेव्हा खुर्चीच्या मागेच उभी होती. ती बोलली नाही. म्हटलं, पुढे सांगू.

आता सांगायची वेळ आली होती. चारू कागद घेऊन समोर बसली होती. सुभद्रा अंबाडीची भाजी निवडत होती.

"सांग वहिनी. पहिलं काय?"

"पहिलं म्हणजे न सांगता हात नाही लावायचा. उचलतो म्हणून सांगायचं."

चारूनं लिहिलं.

"दोन्ही गुडघ्यांखालून एकच हात घालायचा, एक-एक पाय नाही उचलायचा. दुसरा हात पाठीमागून, काखेत नाही. अन् बसवल्यावर पाय लटकते नाही ठेवायचे, खाली काही तरी द्यायचं."

"चार झाले. अजून?"

अंबाडीचा एक देठ सुभद्राच्या बोटांत मोडला. पाचवी गोष्ट अगदी जिभेवर होती. मदतनीसाची गरज आहे का? नो. नाही ना लागत कोणी? मग पाहा म्हणावं.

"बस," ती म्हणाली. "इतकंच."

चारूनं खाली रेघ मारली आणि कागद पाकिटात घातला.

*

त्यानंतर सुभद्राचं पित्त फारच वाढलं. सुंठेनं जाईना. वरणात मीठ दोनदा पडलं. दुपारी पडल्या पडल्या तिला दिसे: मुंबईचा विमानतळ, टोपी घातलेला एक उंच माणूस, तो वाकतो, म्हणतो, बाई, गळ्यात हात टाका. चारू टाकते. तिथेच दृश्य थांबे. मग ती स्वतःशी म्हणे, काही होत नाही, अठरा वर्षं झाली, खांदा भरला असेल. आणि लगेच दुसरं मन म्हणे, मुंबईहूनच परत येईल. परत आली तर बरंच. या दुसऱ्या मनाला ती इतकी घाबरली की भर दुपारी उठून भांडी घासायला बसली.

सांगायचं असतं तर सांगता आलं असतं. रोज सहा-सात वेळा संधी येत होती. "पदर धर." "धरला." दर वेळी मूठ पदरावर मिटे, आणि सुभद्रा गप्प राही.

पोळा झाला. निघायला नऊ दिवस उरले. संस्थेच्या पत्रकात एक सूचना होती, चारूनं ती लाल पेन्सिलीनं अधोरेखित केली होती: घरच्या माणसांची सवय असते, प्रवासापूर्वी अनोळखी माणसांकडून स्वतःला उचलून घेऊन पाहा. मधुकररावांनी मागच्या गल्लीतल्या नत्थूजींना बोलावलं. नत्थूजी स्टेशनवर हमाल होते, आता काम सोडलेलं. त्यांच्यासोबत पुतण्या लहानू आला, तो अजून लाल सदरा घालत होता. अंगणात बाज टाकली, समोर मधुकररावांची लिहायची खुर्ची ठेवली. ते विमानातलं बाक. शोभाताई गॅलरीत येऊन बसल्या, सोबत सुपारीचा डबा.

"हे पाहा नत्थूजी," मधुकरराव कागद हातात घेऊन म्हणाले, "पहिली गोष्ट, सांगितल्याशिवाय हात नाही लावायचा."

"साहेब, चाळीस वर्षं लोकाइच्या पेट्या उचलल्या. पेटीले कधी सांगितलं नाही."

"मी पेटी नाही होय," चारू म्हणाली.

"नाही बाई, तुम्ही तं आता साहेबीण होऊन राहिल्या. सांगतो. उचलतो बरं का."

सगळे हसले. चारू सगळ्यांत जास्त. चेहरा लाल झाला होता तिचा. सुभद्रा ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. तिनं हा चेहरा ओळखला: अर्ज टाकल्याचं सांगताना असाच होता. तिला वाटलं, माझा कधी झाला असा?

लहानूनं गुडघ्यांखाली हात घातला. नत्थूजी उजव्या बाजूला वाकले, पाठीमागून हात घेतला. सगळं चार ओळींप्रमाणे. चारूचा उजवा हात सवयीनं त्यांच्या कमरेकडे गेला. तिथे धोतराच्या गाठीशिवाय काही नव्हतं. मूठ हवेत उघडली, मिटली.

"असं नाही," नत्थूजी म्हणाले, "गळ्यात हात टाका बाई. बिनधास्त."

चारूनं हात वर उचलला.

"गळ्यात नको!"

सुभद्रा कशी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. मधली तुळस, पाण्याची बादली, मधुकररावांचा कागद, सगळ्यांतून ती पोचली. चारूचा दंड धरून तिनं खाली दाबला, स्वतःच्या खांद्यावरचा पदर ओढून त्या मुठीत कोंबला. "पदर धर! पदर धर आधी!" डोकं उघडं, अर्धी पाठ उघडी, समोर दोन परके पुरुष. नत्थूजींनी नजर खाली घातली आणि चारूला हलकेच परत बाजेवर टेकवलं.

"काय झालं वं?" वरून शोभाताई.

"काही नाही," सुभद्रा धापा टाकत म्हणाली. "खांदा. तिचा खांदा सुटते."

मधुकररावांनी नत्थूजींना चहाच्या निमित्तानं ओसरीवर नेलं. चारू अजून पदर धरूनच बसली होती. मग तिनं एकेक बोट सोडलं.

"अठरा वर्षं झाली सुटून."

"अठरा वर्षं मी सुटू दिला नाही. गळ्यात हात टाकू दिला नाही तुले. पदर कायले देत होती मी?"

चारूनं आपल्या तळहाताकडे पाहिलं. "मले वाटे, लाड आहे."

"लाड बी होता."

"सांगितलं काहून नाही कधी?"

"डॉक्टर नाही म्हणे. तू भेली असतीस."

"ते तेव्हाचं. अन् आता? चार ओळी सांगितल्या. ही काहून नाही सांगितली?"

सुभद्रानं पदर खांद्यावर घेतला. खोटं बोलता आलं असतं, विसरली म्हणता आलं असतं. चारूला ते पटलंही असतं.

"सांगायची नव्हती," ती म्हणाली. "तू नो लिहिलं ना? मले वाटलं, पाहू दे कसं नो होते ते."

"अन् हात निखळला असता तं?"

"तेच दिसे मले. रोज दुपारी दिसे."

चारू रडली नाही, की रागावून ओरडली नाही. आपल्या दुबळ्या पायांवर तिनं पातळ सारखं केलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी बी तुले एक सांगतो. नो लिहिताना मले बहुत बरं वाटलं होतं, वहिनी. एकडाव पदर न धरता कुठं तरी जावं, असं वाटे."

सुभद्राला हे लागलं. पण ते तिला कळलंही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या दोघींना एकमेकींचं काहीतरी बरोबर कळलं होतं, आणि त्यानं कोणाचं पित्त कमी झालं असं मात्र नाही.

"कागद आण," चारू म्हणाली. "पाचवी ओळ सांग. त्या माणसाइले तं पदर नाही राहत."

त्याच संध्याकाळी सुभद्रानं आपलं एक जुनं सुती पातळ काढलं, मोतिया रंगाचं, बारीक हिरव्या काठांचं. त्याचा पदर फाडून चार बोटं रुंदीचा दुहेरी पट्टा शिवला, मूठ जाईल असा फास ठेवून. पट्टा चारूच्या कमरेला बांधायचा, उजवी मूठ फासात. दुसऱ्या दिवशी नत्थूजी आणि लहानू पुन्हा आले. पाच वेळा उचललं, पाच वेळा बसवलं. खांदा जागचा हलला नाही. चारूनं लिहिलं: उजवा हात कमरेच्या पट्ट्यातच ठेवावा, उचलणाऱ्याच्या गळ्यात कधीही घेऊ नये. ओळ तारेनं कंपनीला गेली, आणि तिची एक प्रत गळ्यातल्या पिशवीत.

"माझं पातळ चाललं विलायतेले," सुभद्रा शोभाताईंना म्हणाली. "मी नाही."

शोभाताईंनी सुपारीचा डबा तिच्यापुढे सरकवला.

*

निघायच्या दिवशी दुपारी शोभाताईंच्या यजमानांची ॲम्बेसेडर दारात उभी होती. मुंबईपर्यंत मधुकरराव मेलगाडीनं सोबत जाणार होते, आणि उचलायला नत्थूजी आणि लहानू. शिकवणीच्या मुली आल्या होत्या, केशव पोस्टमन सायकल लावून उभा होता, नत्थूजी सामान लावत होते. चारूच्या मांडीवर वही होती, कोणाला काय आणायचं त्याची. शोभाताईंना बिनइस्त्रीचं कापड, मधुकररावांना दाढीची पाती, मुलींना पेनं, केशवला तिकिटं.

लाकडी खुर्ची गाडीच्या दाराशी आणली. सुभद्रानं पदराचं टोक सोडलं, मग आठवून परत खोचलं. चारूनं मूठ पट्ट्यात घातली. "हं," सुभद्रा म्हणाली, आणि चारू खुर्चीतून गाडीत.

दार लावण्याआधी चारूनं वही उघडली. "वहिनी, सगळ्यांनी सांगितलं. तूच काही सांगितलं नाही. काय आणू तुले?"

सुभद्रानं मोकळ्या खुर्चीवर हात टेकला.

"आणू नको काही," ती म्हणाली. "तिथून मले एक पत्र टाक. पाकिटावर ह्यांचं नाव नको लिहू, माझं लिही. अन् रजिस्टर कर, म्हणजे सही मले करा लागीन."